आंबीच्या पिचरचा दाखला

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास कस्तुराबाई शेलार तळेगाव स्टेशनजवळच्या एका छोट्या ऑफिसात आल्या, तेव्हा त्यांच्या छत्रीचं पाणी जिन्यावरून खालच्या झेरॉक्सवाल्याच्या दारापर्यंत ओघळत होतं. छत्री बाहेर ठेवायचं भान त्यांना नव्हतं.

अमृत भेगडे पटकन उठून उभे राहिले. साठी उलटली होती, क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त होऊनही चार वर्षं झाली होती. पण कस्तुराबाईंसमोर बसून राहणं त्यांना अजून जमत नसे. याच बाईंनी त्यांना शाळेत भूगोल शिकवला होता. पुढं मावळात बेसबॉल आणला तोही बाईंनीच. तेव्हा गोणपाटाचे बेस होते आणि अख्ख्या टीममध्ये मिळून चार ग्लोव्ह. आता बाई अध्यक्ष असलेल्या मावळ कुमार बेसबॉल संघटनेत मुलामुलींचे मिळून सोळा संघ होते.

“नुसरत कुठं आहे?” बाईंनी विचारलं.

नुसरत मुजावर आतल्या खोलीतून बाहेर आली. ऑफिस तिचं होतं; लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत लग्नाआधीच्या खासगी चौकशा आणि विम्याच्या भानगडी तीच बघायची. अमृतभाऊ तिच्याकडं वेळ जावा म्हणून येऊन बसत. ती मात्र त्यांना सोबत न्यायची ते त्यांचं वय बघून लोक खरं बोलतात म्हणून. तसं तिनं त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

बाईंनी हकीकत सांगितली. सकाळी पंधरा वर्षांखालील मुलींचा उपांत्य सामना झाला. आंबी गावानं लोणावळ्याला सहा-चारनं हरवलं. आंबीची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, कोमल घोजगे. उद्या दहाला अंतिम सामना. जिल्ह्याचे निवडकर्ते फक्त तिला बघायला येणार. पसंत पडली तर क्रीडा वसतिगृह, शिक्षण, सगळं मार्गी लागणार. आणि सामना संपल्यावर तक्रारपेटीत ही चिठ्ठी निघाली.

नुसरतनं कागद उलगडला. कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या चार ओळी.

‘आजचा सामना मी जाळीमागे बसून पूर्ण पाहिला. आंबीकडून ११ नंबरचा शर्ट घालून पिचिंग करणाऱ्या कोमल घोजगे हिचे वय सतरा आहे. तिचा जन्मदाखला तपासावा. – एक पालक.’

“मग तपासलात?”

“लगेच कपाट उघडलं. आंबीच्या फाइलमध्ये चौदापैकी तेराच दाखले. कोमलचा नाही.”

संघटनेचा नियम बाईंनीच केलेला होता: प्रत्येक खेळाडूचा मूळ दाखला संघटनेच्या कपाटात जमा. झेरॉक्सवर वयं खोटी करून दोन वर्षं फार भांडणं झाली, तेव्हापासून मूळ कागद नसेल तर खेळाडू बाहेर, आणि तो आधी खेळला असेल तर संघही बाहेर. दुसरी प्रत सोमवारी सरकारी कार्यालय उघडल्याशिवाय मिळणार नव्हती. म्हणजे उद्या आंबीच्या जागी लोणावळा खेळणार.

“सकाळी आठला सभा आहे. तोवर दाखला सापडला नाही तर मला तिला काढावं लागेल,” बाई म्हणाल्या. “मी तिला चार वर्षं बघतेय. पण मुलीनंच फसवलं असेल, तर तेही मला कळायला हवं.”

“पेटी कशी उघडली ते सांगा.”

बाईंनी आठवून सांगितलं. सामना सुरू झाल्यापासून पेटी उघडेपर्यंत बारीक पाऊस होता. नियमाप्रमाणं सामन्यानंतर अर्ध्या तासानं त्या, सेक्रेटरी अनिता दाभाडे, गुणलेखक सत्यम आणि लोणावळ्याचा कोच इर्शाद शेख असे चौघं फाटकाजवळच्या पेटीशी गेले. इर्शादनं छत्री धरली, सत्यमनं गंजलेली कडी उचलली, बाईंनी कुलूप काढलं, अनितानं कागद काढून दिले. तीन चिठ्ठ्या होत्या. एक हरवलेल्या ग्लोव्हची, एक पिण्याच्या पाण्याबद्दल, आणि ही.

“बाकीच्या दोन फेकल्यात?”

बाईंनी पर्स उघडली. त्यांनी आयुष्यात कुठला कागद फेकला नव्हता. त्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या; पेनाची शाई पसरून निळा डाग उरला होता. नुसरतनं त्या नखानं अलगद सोडवून टेबलावर वाळत घातल्या.

“इर्शादचं काम दिसतंय,” बाई गेल्यावर अमृतभाऊ म्हणाले. “हरलेल्या संघाला फायनल फुकटात मिळते.”

“असेल,” नुसरत म्हणाली. “चला, गाडी काढा.”

सोमाटण्याच्या पुढं, मैदानाच्या कडेला संघटनेची एक खोली होती. सत्यम कपाटाशी बसला होता. पंचवीसेक वर्षांचा, चष्मा लावणारा, सगळं लिहून ठेवणारा मुलगा. कपाटाच्या मागच्या भिंतीवर बुरशीचे हिरवे ठिपके होते. नुसरतनं फाइल मागितली. आंबीचे तेरा दाखले चकचकीत प्लास्टिकमध्ये होते.

“हे कधी केलं?”

“मागच्या आठवड्यात. दाखल्यांना बुरशी लागायला लागली म्हणून अनिताताईंनी सगळ्यांना लॅमिनेशन करून आणलं. सोमाटणे फाट्यावरून.”

नुसरत एकेक दाखला उजेडात धरून बघत होती. पायल नावाच्या मुलीच्या दाखल्यावर प्लास्टिकला फुगे आले होते आणि एका कोपऱ्याला चहाचा डाग पडावा तसा तपकिरी रंग चढला होता. तिनं तो अमृतभाऊंच्या हाती दिला. त्यांनी नाव वाचलं, जन्मतारीख वाचली आणि परत केला.

किल्ल्या कोणाकडं असतात, तर बाईंकडं आणि अनिताताईंकडं. सत्यमकडं नव्हती, ते त्यानं दोनदा सांगितलं. “कागदाच्या बाबतीत बाई कोणाचं ऐकत नाहीत हो. आधीचे सेक्रेटरी जानूभाऊ, अकरा वर्षं राबले. एक दाखला बसमध्ये विसरले, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. तेही भर सभेत.”

इर्शाद शेख लोणावळ्याला भेटला. दिवसभर रिक्षा चालवून संध्याकाळी तो मुलींना शिकवायचा. चौकशी म्हटल्यावर त्याचा पारा चढला. अमृतभाऊंनी तक्रारीचा विषय काढताच तो म्हणाला, की त्याच्या मुली हरल्या त्या चार नंबरचे बाहेर जाणारे चेंडू खेळत बसल्यामुळं. डाव संपला की दर वेळी तो ओरडत होता, चार नंबरवालीचे बाहेरचे चेंडू सोडा, घाई करू नका. कोण ऐकतंय? तक्रार करायची असती तर सही करून, बाईंच्या हातात दिली असती.

“फार बोलतो,” परतताना अमृतभाऊ म्हणाले. “आणि चार नंबर कोण? बरं ते जाऊ दे, मला तो पटला नाही.”

नुसरत नुसती हसली.

आंबीला पोचेपर्यंत साडेसहा वाजले. कोमलची आई झुंबरबाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होती. आज ती कामावर गेली नव्हती. पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली होती. चौदा वर्षांची, खांद्यानं रुंद, उंच. वयाचा संशय कोणालाही येईल अशीच, असं अमृतभाऊंच्या मनात येऊन गेलं.

“तुमी बी तिची उंचीच बघताय,” झुंबरबाई म्हणाली. “तिचा बाप साडेसा फुटी व्हता. त्येला काय करू?”

मध्यंतरी दाखला बघायला गेला होतात का, असं नुसरतनं विचारलं. व्हय, झुंबरबाई शुक्रवारी संघटनेच्या खोलीत गेली होती. निवडकर्ते दाखला बघणार म्हणून एकदा डोळ्यानं बघून यावं म्हणाली. अनिताताईंनी बसवलं, फोन घेऊन बाहेर गेल्या, दहा मिनिटांनी आल्या आणि सांगितलं, आता घाई आहे, फाइल काढता येणार नाही.

“कपाट उघडं होतं?”

“कुलूप नव्हतं. म्या हात न्हाई लावला.”

अमृतभाऊंनी नुसरतकडं अर्थपूर्ण बघितलं. ती मात्र दोरीवरच्या शर्टाकडं बघत होती. पाठीवर ११ आकडा होता.

“हा आज घातला नव्हता?”

“त्यो चार दिस झालं वाळंना,” झुंबरबाई म्हणाली. “चुलीम्होरं धरला तर बाही करपली. पायलच्या बोटाला लागलंय, ती बसून व्हती, तिचा घातला. पंचांस्नी इचारलं, वहीवाल्या पोराला सांगितलं, बाई बी तितंच व्हत्या.”

निघताना कोमल पहिल्यांदा बोलली. “मी सतराची न्हाई, मावशी. शाळंतल्या पोरी आत्तापासनं मला आज्जी म्हनाया लागल्यात.”

शेवटी अनिता दाभाडे. नीटनेटकी, पन्नाशीची, नऊ वर्षं बिनबोभाट काम करणारी. तिनं चहा केला. दाखले लॅमिनेशनहून आले तेव्हा चौदा होते, आपण मोजले होते, असं ती म्हणाली. शुक्रवारी झुंबरबाई कपाटाजवळ एकटी होती, हे सांगायला जीभ रेटत नाही, पण लपवून तरी काय करू, असंही म्हणाली. सामन्याबद्दल विचारल्यावर तिनं मान हलवली.

“मला सामन्यातलं काही विचारू नका. सकाळी सातपासून खोलीत कॉम्प्युटरवर होते. निवडकर्त्यांसाठी याद्या, उद्याचा कार्यक्रम. पेटी उघडायला बोलावलं तेव्हाच बाहेर आले. सत्यम दोनदा चहा घेऊन आला होता, त्याला विचारा.”

गाडीत बसल्यावर अमृतभाऊ हळहळले. “आईच. दाखला काढून नेला, वय बाहेर पडू नये म्हणून. वाईट वाटतं, पण तेच दिसतंय. अनिताचा तर प्रश्नच नाही, ती जागची हललीसुद्धा नाही.”

“तेच तर,” नुसरत म्हणाली आणि फाट्यावर गाडी थांबवायला सांगितली. लॅमिनेशनच्या दुकानात ती एकटीच गेली. पाच मिनिटांत परत आली.

रविवारी आठला खोलीत सगळे जमले. बाई मधोमध. इर्शाद दाराला टेकून. सत्यमच्या मांडीवर गुणवही. झुंबरबाई आणि कोमल कोपऱ्यात, कोणी खुर्ची न दिल्यासारख्या उभ्या. अनिता नोंदवही उघडून बसली होती.

नुसरतनं चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“काल पेटी उघडेपर्यंत पाऊस होता. पेटीचं छप्पर गळतं. आतल्या दोन चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. ही तिसरी मात्र कोरडी, घडीसुद्धा कडक. म्हणजे ही पेटीत कधी नव्हतीच. पेटी उघडताना कोणीतरी ती बाकीच्या दोन्हींत मिसळली. तेव्हा चौघंच होते.”

इर्शाद सरळ उभा राहिला.

“आता चिठ्ठीत काय आहे? ‘पूर्ण सामना पाहिला, ११ नंबर घालून पिचिंग करणारी.’ काल ११ नंबर मैदानावर कोणीच नव्हता. कोमलचा शर्ट वाळला नाही, म्हणून ती ४ नंबर घालून खेळली. सत्यम, वहीत काय आहे?”

सत्यमनं पान उलटलं. “चार. मीच लिहिलाय.”

“इर्शादभाई सामनाभर चार नंबरच्या नावानं ओरडत होते. बाई शर्ट बदलताना हजर होत्या. या तिघांपैकी कोणी लिहिलं असतं तर ४ लिहिलं असतं. ११ फक्त यादीत होता. ज्यानं यादी टाइप केली आणि सामना बघितला नाही, त्यानंच हे लिहिलं. आणि पेटीत हात कोणी घातला होता, बाई?”

बाईंनी मान वळवली. त्या अनिताकडं बघत राहिल्या.

“मी खोलीत होते एवढ्यावरून…” अनिता म्हणाली.

“एवढ्यावरून नाही. पायलच्या दाखल्याचा कोपरा भाजलाय. मशीन जास्त तापलेलं होतं. तिचा थोडक्यात वाचला, मग कोणाचा तरी पुरता गेला असेल, असं मला वाटलं. फाट्यावरच्या लॅमिनेशनवाल्या वाहिदला विचारलं. तो म्हणाला, एक दाखला रोलरमध्ये अडकून जळला, त्यानं ताईंची माफी मागितली आणि तो तसाच त्यांच्या हातात दिला. परत आले ते तेराच. झुंबरबाई बघायला आल्या त्या दिवशी फाइल काढली नाही ती म्हणूनच.”

अमृतभाऊंना सगळं एकदम समोर दिसलं. काल उजेडात धरलेला तो तपकिरी कोपरा त्यांच्या हातात होता, आणि त्यांनी जन्मतारीख वाचली होती.

“आज निवडकर्ते दाखला मागणार,” नुसरतनं पुढं सांगितलं, “आणि हरवल्याचा ठपका ताईंवर येणार. मुलीच्या वयाचीच शंका आधी उभी राहिली, तर दाखला आंबीवाल्यांनी पळवला असंच सगळे धरतील. कपाटाला कुलूप न लावता झुंबरबाईंना दहा मिनिटं एकटं बसवलं, तेही त्यासाठीच.”

मग अनितानं नोंदवहीच्या पुठ्ठ्यातून एक काळपट, सुरकुतलेलं प्लास्टिक बाहेर काढलं. नाव वाचता येत होतं. नोंदणीचा आकडा होता, त्यावरून सोमवारी दुसरी प्रत काढता येणार होती. जन्मसालाची जागा कोळसा झाली होती.

“फेकवेना मला,” ती म्हणाली. “जानूभाऊंना तुम्ही घालवलंत, बाई, तेव्हा ठराव मीच लिहून घेतला होता. ही तर चूक होती, नुसती चूक. सांगायला तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले, दोनदा.”

“आणि माझी पोर?” झुंबरबाईनं विचारलं.

अनितानं नोंदवही मिटून बाजूला सरकवली.

घड्याळात पावणेनऊ झाले होते. दाखला सापडला होता, पण साल गेलं होतं. आणि साल नसलेला कागद नियमानं कागदच नव्हता. कस्तुराबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. नियमात एकच वाट होती, ती त्यांनीच कधीतरी घातली होती आणि कोणी कधी वापरली नव्हती: कागद संघटनेच्या हातून गेला आणि खेळाडू बाद झाल्यानं ज्या संघाचा फायदा होतो त्यानं लेखी ना-हरकत दिली, तर खेळाडू खेळू शकतो.

त्यांनी कागद लिहिला. संघटनेची चूक, अध्यक्षांची जबाबदारी, असं स्पष्ट लिहिलं, सही केली आणि इर्शादपुढं सरकवला.

त्यानं कागद वाचला, मग दाराबाहेर बघितलं. बाहेर त्याच्या मुली किट घालून उभ्या होत्या. कदाचित खेळायला मिळेल म्हणून पहाटेच लोणावळ्याहून आल्या होत्या.

“आमच्या पोरींना काल हिनं चेंडूनं बाद केलंय,” तो म्हणाला, “दाखल्यानं नाही.” त्यानं सही केली. “आता त्यांना जाऊन सांगायचं कोणी? मीच सांगतो. शिव्या खातो.”

कस्तुराबाई उठून झुंबरबाईसमोर गेल्या आणि हात जोडले.

“मला नगं, बाई,” झुंबरबाई म्हणाली. “जितं तिला खोटी म्हनली, तितं सांगा.”

साडेनऊला निवडकर्ते खुर्च्यांवर बसले होते, दोन्ही गावची माणसं जाळीमागं दाटली होती. कस्तुराबाईंनी माइक घेतला. त्या भूगोल शिकवत तशाच सावकाश, खणखणीत बोलल्या. दाखला संघटनेनं जाळला. चिठ्ठी संघटनेच्या माणसानं लिहिली. कोमल घोजगे हिनं काहीही खोटं केलेलं नाही, आणि आपण कालपासून तिच्यावर संशय घेतला, याची लाज वाटते.

जाळीमागं कुजबुज झाली आणि थांबली. अमृतभाऊंनी कोमलकडं बघितलं. ती रडेल असं त्यांना वाटलं होतं.

तिनं टोपी घट्ट केली, पंचांसमोर जाऊन हात पुढं केला आणि चेंडू मागितला.