सुकलूचा तुंबा

आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, उतारे असलं काही चालत नाही. तरी हे घडलंय. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि रात्री नाही, भर दुपारी.

चामोर्शीजवळचं आमचं गाव. गावामागे तलाव. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.

माझा धाकटा भाऊ संघपाल चंद्रपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोजेक्ट काय, तर समुद्राच्या लाटांवर चालणारा जनरेटर. समुद्र त्याने फक्त मोबाईलवर पाहिलेला. मी त्याला फार चिडवायची.

यंत्र साधं होतं. उभ्या पाइपाला तांब्याच्या तारेचे वेढे, आत लोहचुंबक. चुंबकाला दांडीने जोडलेला प्लास्टिकचा डबा पाण्यावर तरंगणार. लाट आली की डबा वरखाली, चुंबक वरखाली, आणि बल्ब पेटणार.

तो घरी आला तेव्हा आम्ही ते तलावात लावून पाहिलं, पण तिथल्या लहान लाटांनी डबा नीट हलेचना. सोमवारी परीक्षक येणार होते. बल्ब पेटला नाही तर त्याचं वर्ष वाया जाणार होतं.

काठावरच्या झाडाला एक तुंबा टांगलेला होता. वाळलेला, पोकळ भोपळा. आमच्याकडचे ढिवर त्यावर छाती टेकून मासे धरतात. वजनाला एकदम हलका. संघपालने तो काढला.

जवळच मुखरूभाऊ जाळं शिवत बसले होते.

"त्याले हात नोको लावू, बापा."

"काऊन?"

"सुकलूचा होय तो. पावसाळ्यात बुडाला. तुंबा भेटला, सुकलू नाई भेटला. माणूस भेटेपर्यंत तुंबा झाडावरच राह्यते."

"दोन घंट्यात वापस टांगतो, भाऊ."

मुखरूभाऊ जाळं गुंडाळून निघून गेले.

तुंबा हलवला तर आत पाणी डुचमळलं. देठापाशी मेणाने बुजवलेलं भोक होतं. संघपालने ते मेण काढलं. भोक बारीक, पाणी निघेना. मग या शहाण्याने त्याला तोंड लावलं... आणि ओढलं.

थुंकला. पण थोडं पोटात गेलंच.

शी! बंद पिशवीत आठवडाभर राहिलेल्या मासळीचा वास.

त्याने मेण परत लावलं, तुंबा दांडीला जोडला. मी फळीने पाणी ढकललं. बल्ब पेटला. आम्ही दोघं हसलो.

मी फळी काठावर ठेवली. पाणी थांबलं. एक तरंग नाही.

बल्ब पेटला... विझला... पेटला...

तुंबा सावकाश खाली जात होता. वर येत होता.

मी संघपालकडे पाहिलं. त्याची छाती भरली की तुंबा वर. श्वास सोडला की तुंबा खाली.

"संघपाल, श्वास रोख जरा."

त्याने रोखला.

तुंबा खाली गेला... आणि वर आलाच नाही.

संघपालचे डोळे पांढरे झाले. तो गुडघ्यांवर कोसळून ओकायला लागला. काळा चिखल. माशांचे खवले. मग ओठातून एक हिरवा नायलॉनचा धागा बाहेर आला. जाळ्याचा. मी धरून ओढला. गिळगिळीत, कोमट. मी ओढत राहिले आणि तो येतच राहिला. शेवटी टोकाला एक गाठ निघाली. गाठीत माणसाचं नख अडकलेलं होतं.

तेवढ्यात तुंबा भसकन वर आला.

आम्ही तो तिथेच झाडाला टांगला. सोमवारी संघपालने प्लास्टिकचा डबाच लावून नेला. कॉलेजच्या टाकीत बल्ब लख्ख पेटला. परीक्षकांनी पाठ थोपटली. त्या टाकीतलं पाणी हलवलं कोणी, ते मी त्याला विचारलं नाही.

सुकलू अजून सापडलेला नाही.

संघपाल आता नागपुरात नोकरीला आहे. मागच्या महिन्यात घरी आला, जेवून दुपारी झोपला. खाटेखाली ते यंत्र पडलेलं. कोरडं. डबाही काढून ठेवलेला.

बल्ब पेटला... विझला... पेटला...

मी त्याच्या छातीकडे पाहिलं.

छाती हलत नव्हती.

मी त्याला गदागदा हलवलं. त्याने श्वास घेतला आणि बल्ब विझला.

"काय झालं, ताई?" तो म्हणाला. त्याच्या तोंडाला तोच वास होता.

आई त्याच्यासाठी मुलगी पाहते आहे. आईला काय सांगू? माझा सख्खा भाऊ आहे, जीव आहे माझा त्याच्यावर. पण त्याच्या उष्ट्या ग्लासाला मी हात लावत नाही.