चार नंबर हजर

ती खिडकी लावून घ्या, पेपरांच्या गठ्ठ्यांवर धूळ येतेय. आणि झोपायचं नाव काढू नका. उद्याच्या परीक्षेचे पेपर आपल्या भरवशावर ठेवलेत आणि रात्र अजून निम्मीही सरलेली नाही. शिपाई म्हणून या शाळेत माझे केस पांढरे झाले, तुम्हाला मास्तर होऊन वर्ष झालेलं नाही. तेव्हा मी सांगतो आणि तुम्ही ऐका. मघाशी तुमच्यातलाच एक शहाणा म्हणाला, कॉलेजात आम्ही एकमेकांची प्रॉक्सी मारायचो, त्यात काय एवढं? त्यात काय एवढं, तेच सांगतो.

आपल्याकडे गणिताच्या एक बाई होत्या. मुलं त्यांना हजेरीबाई म्हणायची, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकदा सहलीत एक पोरगी पाण्याच्या टाकीमागे राहिली आणि बस तशीच पुढे निघून गेली. पोरगी सापडली, धडधाकट सापडली, पण बाईंनी त्या दिवसापासून जी मोजणी धरली ती काही सुटली नाही. वर्गाचं सोडा, घरची चार माणसं गाडीत बसली तरी नंबराने हजेरी. एक नंबर सासूबाई, दोन नवरा, तीन त्या स्वतः, चार मुलगी. प्रत्येकाने स्वच्छ ‘हजर’ म्हणायचं. ‘हो’, ‘हं’ चालायचं नाही. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, माणूस अगदी गरीब गाय. तो म्हणायचा, हिच्या वर्गात यमसुद्धा उशिरा यायला भिईल.

मुलगी लांबच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, हॉस्टेलवर. फोनवर रोज एकच पाढा, सगळं छान आहे. मग एका शुक्रवारी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. रडवेली झाली होती बिचारी. तुमची मुलगी तीन आठवडे वर्गात गेलेली नाही, म्हणाली. जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. विचारलं तर म्हणते, मी नसले तरी सगळं चालतंयच की.

बाईंनी फोन ठेवला. एकुलती एक पोर. हातातून निसटत चालली होती आणि आईला पत्ता नव्हता, याची त्यांना जास्त लाज वाटली. शनिवारी दुकान बंद करून निघायचं, रविवारी सकाळी हॉस्टेलवर पोचायचं, असं ठरलं. सासूबाईंना घरी राहा म्हटलं, तर त्या आधीच चपला घालून गाडीत जाऊन बसल्या. मला कोण उतरवतंय तेच बघते, म्हणाल्या.

निघाले रात्री पावणेदहाला. नवरा गाडी चालवत होता, बाई शेजारी, सासूबाई मागे एकट्या. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना नुसतं माळरान. बाराच्या पुढे एका पेट्रोल पंपावर थांबले. पंपावरचा माणूस खुर्चीतच घोरत होता. त्याला उठवलं, पेट्रोल भरलं, सासूबाईंनी दोन फेऱ्या मारून पाय मोकळे केले आणि सगळे परत बसले. गाडीतलं घड्याळ नवऱ्याने स्वतः लावलेलं, मिनिटाचा फरक नाही. बारा वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

बाईंनी सवयीने हजेरी घेतली. एक, सासूबाई झोपेतच हजर म्हणाल्या. दोन, नवरा हजर. तीन, स्वतः हजर. आणि जीभच ती, तिला काय कळतं. तिच्यावर तो आकडा इतकी वर्षं बसलेला.

“चार,” बाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. चार नंबर कुठे होता गाडीत?

“हजर.”

मागच्या सीटवरून आला आवाज. मुलीचा.

नवऱ्याचा हात चावीवर तसाच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मागे सासूबाई डोळे मिटूनच पुटपुटल्या, सरक गं जरा, पाय अवघडले माझे.

बाईंनी आरशात पाहिलं. सासूबाई दाराला चिकटून बसल्या होत्या. शेजारी कुणी नव्हतं. पण सीटची गादी… दबलेली होती.

बाईंना भीती वाटली का? वाटली. त्यांनीच मला तसं सांगितलं. नवरा कानाशी कुजबुजला, मागे बघू नकोस, मी गाडी पळवतो. पण बाईंनी आख्ख्या नोकरीत एकाची प्रॉक्सी चालू दिली नव्हती. पन्नास पोरांच्या गोंगाटातून खोटा ‘हजर’ वेचून काढायच्या. भीती होती तिथेच होती, वर संताप चढला. त्या सरळ मागे वळल्या.

“चार नंबर माझी मुलगी आहे. तू कोण?”



“मीच ती,” आवाज म्हणाला. हुबेहूब तोच. फक्त त्यात श्वास नव्हता. “तिला जागा नको होती. तिने सोडली. मी बसले.”

“पटावरून नाव काढायला पालकाची सही लागते,” बाई म्हणाल्या. “मी केलेली नाही. मेले तरी करणार नाही.”

काच आतून धुरकट झाली. गाडीत गारठा भरला. बाईंनी फोन काढला. पुन्हा समोर वळल्या. मुलीचा नंबर लावला. घंटी वाजली… वाजत राहिली… मग कुणीतरी उचलला. पलीकडे बोलणं नाही. नुसता वारा.

“चार,” बाई फोनमध्ये म्हणाल्या.

वारा…

“हजर.” मागून. आता अगदी मानेजवळ.

“तुला विचारलेलं नाही. गप बस.” मान न वळवता. पुन्हा फोनमध्ये, “चार.”

वारा… वारा…

“हजर.”

हासुद्धा मागूनच. आता सासूबाई जाग्या झाल्या होत्या. शेजारी काय बसलंय ते त्यांना कळलं. म्हातारी ओरडली नाही, उतरून पळाली नाही. अंग आखडून बसली होती ती उलट पसरून बसली, आणि कोपराने ढोसलंन त्याला.

“माझ्या नातीची जागा आहे. ऊठ.”

बाईंचा आवाज फुटला. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्या मास्तरीण नव्हत्या राहिल्या. “चार… बाळा, आई हजेरी घेतेय गं.”

काही नाही.

काही नाही…

मग एक हुंदका. लांबून. बारीक.

“हजर, आई.”

गाडी स्प्रिंगवर जराशी उचलली गेली, कुणी उतरल्यावर उचलते तेवढी. दार उघडलं नाही. घड्याळात बारा चव्वेचाळीस.

पहाटे पोचले. हॉस्टेलच्या पायरीवर मुलगी मैत्रिणीच्या कुशीत बसली होती, गालफडं बसलेली. फोन वाजला तेव्हा ती गच्चीत उभी होती. तिथे कशी गेली, कधी गेली, तिला काही आठवत नव्हतं. बाई तिला कवटाळून ढसाढसा रडल्या. सासूबाईंनी दोघींना रडू दिलं, मग म्हणाल्या, पोरीला आधी खायला घाला, उरलेलं मग रडा.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीच नसती.

सोमवारी हजेरी किती कमी पडते ते विचारायला आई आणि मुलगी कॉलेजच्या ऑफिसात गेल्या. दार उघडल्यापासून बाकड्यावर बसून होत्या. पहिला तास संपला. गणिताचे सर बगलेत हजेरीबुक घेऊन आत आले आणि मुलीला बघून थबकले.

“अगं, तू माझ्या आधी कशी पोचलीस इथे?”

बाईंनी हजेरीबुक मागून घेतलं. तीन आठवडे, अठरा दिवस. मुलीच्या नावापुढे एकही घर गैरहजर नाही. आजच्या पहिल्या तासालासुद्धा हजर. रोज येते, सर म्हणाले, तिसऱ्या बाकावर एकटी बसते. बोलता बोलता त्यांची नजर मुलीच्या खोल गेलेल्या डोळ्यांवर गेली, आणि ते एक पाऊल मागे सरले.

बाईंनी क्लार्ककडून लाल पेन घेतलं. सगळे दिवस गैरहजर लावा, म्हणाल्या. क्लार्क हबकला. स्वतःच्या पोरीचं सत्र बुडवणारी आई त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. सरांनीही समजावलं, बाई, कागदावर सगळं नीट आहे, कशाला हात लावता?

तेव्हा मुलगी उठली. आईच्या हातातलं पेन तिने घेतलं. एकेक घर. अठरा दिवस लाल, आणि आजचा एकोणिसावा. एकही घर सोडलं नाही. सत्र मी पुन्हा करेन, म्हणाली.

“आई, तू इथेच थांब. माझ्या बाकावर कुणीतरी बसलंय.”

आणि एकटी वर्गाकडे चालत गेली.

पुढचा तास सुरू व्हायचा होता. मुलं गप्पा मारत होती. तिसरा बाक रिकामा होता. त्यावर एक वही उघडी पडली होती, फळ्यावरचं गणित तिच्यात अर्ध्यापर्यंत उतरवलेलं. तिने वही जवळ ओढली, त्याच बाकावर बसली आणि उरलेलं अर्धं सोडवलं.

ती वही बाईंनी मला दाखवलीये. मी पान उजेडाला धरून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. वरचं अर्धं आणि खालचं अर्धं… अक्षर एकच आहे.