टोमॅटो लाल होईनात

टळटळीत दुपारी परसाच्या भिंतीवरून एक हात आत आला, जरासा लाल झालेला टोमॅटो चाचपला आणि... मी तो हात मनगटाशी घट्ट धरला.

"चोर!"

"शेजारी," पलीकडून आवाज आला. "म्हणजे... आज दोन्ही. पण हात सोडा हो, याच हाताने घड्याळं दुरुस्त करतो."

हात गरम होता. जिवात जीव आला माझ्या. कारण घेवड्याच्या वेलामागे लपून मी वेगळ्याच हाताची वाट बघत होते.

आत्या जाऊन चार महिने झाले होते. तिचं घर आवरायला आले आणि तिने लावलेल्या रोपांत अडकले. दादाला फोनवर सांगून टाकलं, "टोमॅटो लाल झाले की कुलूप लावून येते." भर उन्हाळ्यात घेवडा भिंतीवर चढला, काकड्या हातभर झाल्या, दोडका तर खिडकीतून स्वयंपाकघरात डोकावू लागला. टोमॅटो मात्र हिरवे ते हिरवेच. एखाद्याने रंग धरला, की दुसऱ्या दिवशी गायब!

आणि रोज सकाळी कलंडलेली फांदी काठीला बांधलेली असायची. निळ्या कापडाच्या पट्टीने, उलट्या गाठीने. मी शिवणकाम करते, गाठ बांधणारा हात ओळखते. ही डाव्या हाताची गाठ. आत्या डावखुरी होती. आणि ते निळं कापड तिच्या गाऊनचं होतं... जो अंगात घालूनच ती चितेवर गेली. तिच्या आजारपणात मला दोन दिवस थांबायला जमलं नव्हतं. म्हणून त्या गाठींची भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा लाज.

"टोमॅटो का चोरता?"

तो भिंतीवर हनुवटी टेकून उभा राहिला. कान लालबुंद. "तुम्ही फोनवर केवढ्याने बोलता! लाल झाले की जाणार म्हणालात. मग मी... लाल होऊच देत नाही."

मला हसू फुटलं. "आणि या गाठी? त्याही मला थांबवायलाच?"

"गाठी तर तुम्हीच बांधता ना?"

मी रोपावरची एक पट्टी सोडून त्याच्या हातात दिली. त्याने बांधून दाखवली... साधी, उजव्या हाताची, तीही ढिली. आमच्या दोघांचं हसू एकदमच थांबलं. वारा नव्हता. पण शेवटच्या रोपावरच्या पट्टीचं टोक हलत होतं, आत्ताच कुणी हात काढून घेतल्यासारखं.

त्याने माझा हात धरला, मी सोडवला नाही.

"आत्या," मी कशीबशी म्हणाले, "तेव्हा थांबले नाही... चुकलं माझं. आता थांबते."

टोक हलायचं थांबलं.

"कुणासाठी?" त्याने हळूच विचारलं.

"टोमॅटोंसाठी," मी म्हणाले. "आणि... चोरावर नजर ठेवायला. आवडतो मला तो."

संध्याकाळी आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून चहा प्यायलो. बोलता बोलता कप तिथेच विसरलो.

सकाळी दोन्ही कप भिंतीवरच होते. कान एकमेकांना निळ्या पट्टीने बांधलेले. उलटी गाठ, घट्ट.

आम्ही ती सोडवली नाही. चहासाठी नवे कप आणले.