तुझं धड तुले देल्लं

कंदील त्या टेबलावर नको रे, खाली ठेवा. का ते मग सांगतो. आणि हेमंत, तू दारातून उठून इकडं सरक, नाहीतर अर्ध्या गोष्टीत म्हणशील मागून कोणीतरी हात लावला. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच पोटभर हसून घ्यावं. ही गोष्ट माझ्या सख्ख्या चुलत्याची, पुंडलिकरावांची आहे. बैलगाडी हाकणारा साधा माणूस. देवाला भ्यायचा, बायकोला भ्यायचा, भुताला मात्र नाही. म्हणजे त्या रात्रीपर्यंत नाही.

सन छप्पन, ऑक्टोबरची एकतीस तारीख. दिवाळी तोंडावर आलेली, म्हणजे रात्र काळीकुट्ट. पुंडलिककाका दिवस मावळताना मोहगावच्या बाजारातून एक टेबल, दोन मोठे आरसे आणि दोन बायामाणसं गाडीत घेऊन निघाले. सौंसरवरून बोरगाव, आणि बोरगावच्या पुढं सावनेरच्या वाटेवर हद्दीपाशी सगळं उतरवून द्यायचं, एवढंच काम.

घाई होती ती हद्दीची. उजाडलं की नागपूर-सावनेर मुंबई राज्यात जाणार आणि आपण मध्य प्रदेशातच राहणार, राजधानी भोपाळला. बाजारात आवई उठली होती की सकाळपासून हद्दीवर गाड्या अडवतील, सामान उलटंपालटं करतील. काका त्यावर हसले होते. "बैलाले काय सांगू? दोन पाय भोपाळात ठेव अन् दोन मुंबईत, असं?"

टेबल कोणाचं होतं, ते ऐका. रघुनाथराव म्हणून एक खेळवाला होता. बायको मनकर्णा, मोठी पोरगी जयवंता, धाकटी नलिनी. बाजार असेल तिथं तंबू ठोकायचे आणि 'बोलतं मुंडकं' दाखवायचे. तंबूत एक टेबल, टेबलावर पितळी ताट आणि ताटात जयवंताचं मुंडकं. खाली नुसते टेबलाचे पाय, धडाचा पत्ता नाही! मुंडकं डोळे फिरवायचं, नाव सांगायचं, कोणाची गाय कुठं हरवली तेही सांगायचं. करामत आरशांची. टेबलाच्या पायांमधे आरसे तिरपे लावलेले, त्यांच्या मागं पोरगी बसलेली आणि मान भोकातून वर काढलेली. आठ-आठ तास. लाकडाच्या काठाने जयवंताच्या गळ्याभोवती बैलाच्या मानेसारखा काळा घट्टा पडला होता. बापाला त्याचं काही वाटत नसे. पोटची पोर अशी ताटात मांडणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण त्या घराचा एक नेम होता. पोरगी टेबलाखाली शिरली की रघुनाथराव पाणी शिंपडून म्हणायचा, "जयवंता, धड ठेव." आणि खेळ संपला की पुन्हा पाणी शिंपडायचा. "जयवंता, तुझं धड तुले देल्लं. ऊठ." हे म्हटल्याशिवाय ती उठायची नाही, भूक लागो की पाय बधिर होवोत. आणि बसलेली उठल्याशिवाय दुसरीला त्या टेबलाखाली कधी बसवायचं नाही.

काकांनी एकदा थट्टा केली होती. "आरशाचाच खेळ हाय ना बाई? मंग हे मंतर कायले?"

मनकर्णा म्हणाली होती, "खेळ खोटा हाय भाऊ. पण तोंडानं म्हटलेलं तं खरंच रायते ना."

काकांना जयवंताची माया होती. बाजारात भेटली की तिच्यासाठी संत्रं न्यायचे. खेळाच्या मधे, तंबू रिकामा झाला की ताटातलं मुंडकं म्हणायचं, "काका, फोड द्या ना. बिया काढून." हात बिचारीचे खाली अडकलेले. मग काका फोड सोलायचे, बिया काढायचे आणि तिच्या तोंडात घालायचे. त्या दिवशीही त्यांच्या धोतराच्या सोग्यात दोन संत्री बांधलेली होती.

गाडीत काकांच्या पाठीमागंच टेबल उभं, त्यावर चादर. आरसे कडब्यात गुंडाळून खाली निजवलेले. टेबलाला टेकून नलिनी, चौदा वर्षांची, आणि पुढं टेबलाच्या बाजूला मनकर्णा. रघुनाथराव सामानाच्या ट्रकवर बसून पुढं गेला होता.

"जयवंता नाई दिसून राहिली?" काकांनी विचारलं.

"मामाच्या घरी गेली." मनकर्णाने तोंड फिरवलं.

"अन् खेळ?"

"आता नलिनी बसन."

नलिनी टेबलापासून दूर, मागच्या कोपऱ्यात सरकली. तिला बसायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. काकांनी एक संत्रं तिला दिलं. ते तिने ओटीत ठेवलं, खाल्लं नाही. काका बैलांकडे वळले. दुसऱ्याच्या घरातलं आपण काय बोलणार?

सौंसर मागं पडलं तेव्हा दुकानांच्या फळ्या लागून गेल्या होत्या. पुढं रस्त्याला चिटपाखरू नाही. गाडीखाली टांगलेला कंदील हलत होता, चाकांच्या सावल्या शेतातून पळत होत्या. मायलेकी झोपल्या असाव्यात. काकांनाही डुलकी लागत होती.

बोरगाव अजून यायचं होतं. एका ओढ्याच्या उतारावर बैल थांबले.

काकांनी चुचकारलं, शेपटी पिरगाळली. बैल हलेनात. त्यांचे कान मागं वळलेले.

"काका…"

मागून आवाज आला. हळू, झोपेतल्यासारखा.

"काका, फोड द्या ना."

पोरीला भूक लागली, काकांना वाटलं. त्यांनी आपल्याजवळचं दुसरं संत्रं सोललं.

"बिया काढून."

काकांनी बिया काढल्या. न वळताच हात मागं केला. ओठांनी फोड घेतली. ओठ थंड होते. रात्रीचा गारवा आहे, काका म्हणाले मनाशी. दुसरी फोड दिली. तीही घेतली.

आणि मग गाडीच्या दुसऱ्या कडेकडून, पार मागच्या कोपऱ्यातून, नलिनी म्हणाली,

"काका, कोणाले देऊन राहिले?"

काकांचा हात तसाच राहिला. हवेत. टेबलाच्या बाजूला.

चादर होती तशीच होती. फक्त मधे, भोकाच्या जागी, ती वर आलेली होती. खालून काहीतरी गोल… टेकलेलं…

"मनकर्णाबाई," काका कसेबसे म्हणाले. "बाई, उठा."

मनकर्णा जागीच होती. तिने चादरीकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

"माय," नलिनी म्हणाली. "माय वं, माहे पाय कुठी हायेत?"

"हे काय, इथंच तं हायेत बाई."

"मले समजून नाई राहिले. हातबी नाई."

मनकर्णाने तिचे तळवे धरले. बर्फ. कोपर धरलं. तेही गार. पोरीच्या अंगातली ऊब वर वर सरकत चालली होती, नुसता चेहरा तेवढा तापलेला.

तेव्हा ती बाई बोलली. रडत, अडखळत. काकांनी ऐकलं ते असं. जयवंता मामाकडं गेलेली नव्हती. आठ दिवसांपूर्वी रामाकोन्याच्या बाजारात तिला ताप भरला होता. बाप म्हणाला, गर्दी आहे, आजचा दिवस काढ. ताटातलं मुंडकं एका म्हातारीला काही सांगत होतं, आणि सांगता सांगता थांबलं. लोकांना वाटलं, खेळच आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या तरी डोळे मिटेनात, तेव्हा बापाने तिला ओढून काढलं. कन्हानच्या काठी अग्नी दिला.

"अन् ते… ते म्हटलं नाई?" काकांनी विचारलं.

"मेलेल्या लेकराले ऊठ कसं म्हणाव, भाऊ?"

याला उत्तर काय? तुम्हाला सुचतं का? मला तर आजही सुचत नाही.

आणि आज दुपारी मोहगावात रघुनाथरावाने नलिनीला सरावासाठी त्याच टेबलाखाली बसवलं होतं. भोक तिच्या मानेला मोठं पडलं, म्हणून मनकर्णाने तिच्या जुन्या परकराची लाल पट्टी फाडून काठाला शिवली. बापाने पाणी शिंपडलं. "नलिनी, धड ठेव." तेवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. बाप तसाच पळाला. आईने सामान बांधता बांधता पोरीला काखेत धरून वर ओढलं. "चाल, ऊठ लवकर," म्हणाली. नुसतं एवढंच.

एक उठलीच नव्हती आणि तिच्यावर दुसरी बसवली. दोघींची धडं ठेवलेली. त्यातलं एक कन्हानच्या काठी जळून गेलेलं.

"माय…" हा आवाज चादरीखालून होता. "माय, बसून बसून मान दुखून राहिली वं. खेळ संपला ना?"

मनकर्णाने चादरीकडे हात नेला, मागं घेतला.

"मले उठव ना."

"माय," नलिनी आता फक्त कुजबुजत होती. "गळ्यालोक आलं." गारठा गळ्यापर्यंत चढला होता.

काका ओरडले, "म्हणा बाई! नलिनीचं नाव घ्या अन् म्हणून टाका!"

"नाई भाऊ. पयली उठल्याबिगर दुसरी उठत नाई. नेम हाय." तिने गाडीला टांगलेल्या छागळीतलं पाणी ओंजळीत घेतलं. "आधी तिले मोकळी करतो. ते जाईन. मंग हिले."

"बाई, थांबा…"

काकांना तेव्हा काहीतरी कळलं होतं. काय, ते नीट सांगता यायचं नाही त्यांना पुढंही. फक्त थांबा म्हणावंसं वाटलं.

पण ती आई होती. पोर आठ दिवस मान अवघडून बसलेली.

"जयवंता," ती म्हणाली. "बाई माहे… तुझं धड तुले देल्लं. ऊठ."

चादर खाली बसली. सपाट.

मनकर्णाने पुन्हा ओंजळ भरली. "नलिनी, तुझं धड तुले देल्लं. ऊठ."

काही नाही.

"नलिनी… ऊठ ना वं."

बैलांनी आपणहून पाऊल उचललं. गाडी ओढ्यातून वर आली. कोपऱ्यातली पोर शांत झोपली होती. हात ऊन, पाय ऊन. मनकर्णाने तिला मांडीवर घेतलं, तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली, देवाचं नाव घेत राहिली. वाचली पोर, काकांना वाटलं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

बोरगाव गेलं. तांबडं फुटलं. हद्दीवर ना शिपाई, ना अडवाअडवी, नुसतं एक कुत्रं झोपलेलं. रात्रीतून दोन राज्यं झाली होती आणि त्या कुत्र्याला पत्ता नव्हता. पलीकडे ट्रकपाशी रघुनाथराव उभा होता.

पोरगी जागी झाली. खाली उतरली. आळस दिला, खूप दिवसांनी देतात तसा, आणि आपल्याच दोन हातांकडे पाहत राहिली. मग ओटीतलं संत्रं काढून काकांपुढं धरलं.

"काका, सोलून द्या ना."

काकांनी घेतलं.

"बिया काढून," ती म्हणाली.

वाऱ्याने तिची ओढणी सरकली. चौदा वर्षांच्या त्या पोरीच्या गळ्याभोवती, एका दुपारीच काय ती भोकात बसलेल्या त्या गळ्याभोवती, काळा घट्टा होता. जुना. वर्षांचा.

मनकर्णाने पाहिलं. काकांनी पाहिलं. रघुनाथराव जवळ आला, त्यानेही पाहिलं. आई पुढं झाली आणि पदराने पोरीचा गळा झाकून घेतला. बाप मागं न पाहता ट्रककडे गेला.

टेबल कोणी उतरवून घेतलं नाही. काकांनी विचारलंही नाही. ट्रक सावनेरकडे गेला. ती माणसं पुन्हा आपल्या भागातल्या कुठल्या बाजारात दिसली नाहीत.

काका टेबल घेऊन परत आले. लोक म्हणाले, जाळून टाका. काकांनी जाळलं नाही. "आत कोणी असन तं?" एवढंच म्हणायचे. आणि मग रोज, दिवेलागणीला, मरेपर्यंत रोज, त्या टेबलावर पाणी शिंपडून म्हणायचे, "नलिनी, तुझं धड तुले देल्लं. ऊठ बाई." आम्ही लहान होतो, हसायचो. काकू रागवायची. काका पाणी शिंपडून झालं की थोडा वेळ कान देऊन उभे राहायचे, मग जेवायला बसायचे. आपण बापही नाही आणि मायही नाही, आपल्या म्हणण्याने होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणायचे.

होय रजनी, तेच टेबल. वर कापड अंथरलंय म्हणून भोक दिसत नाही. काठाची लाल पट्टी अजून शिवलेली आहे.

काका गेल्यापासून त्याला पाणी कोणी शिंपडलेलं नाही. मी नाही, कोणीच नाही. यंदाचा वैशाख तर तुम्ही पाहिलाच, विहिरींना ओल राहिली नव्हती. तेव्हा एका दुपारी मी कापड उचलून त्या पट्टीला बोट लावलं.

ओली होती.

बोट जिभेवर ठेवलं. खारट.