तीन खाचांचा कौल

पोरांनो, ग्रामोफोनच्या एकाच तबकडीच्या एकाच बाजूला कधीकधी तीन निरनिराळी बोलणी भरलेली असतात, हे ठाऊक आहे का तुम्हाला? खाचा तीन, एकमेकींना चिकटून. सुई जिच्यात पडेल ती बोलते.

कर्जतकडचा सूर्यभान लग्नात फोनो लावायचा, आणि असल्या तबकड्यांपायी वेडा होता. कुठली आतून बाहेर वाजणारी, कुठली एकाच शब्दावर गरगरत राहणारी. हे मला त्याच्याच गावच्या छगननं सांगितलं. तो त्या रात्री तिथं होता.

बहात्तर सालची कार्तिक अमावास्या, मंगळवार. दुष्काळात विहीर खोल करायचं काम चाललं होतं, आणि त्या दिवशी खाली उतरायची पाळी सूर्यभानाची होती. पण देवळाली प्रवऱ्याला एका म्हाताऱ्याकडं तीन खाचांची तबकडी असल्याचं त्याला कळलं. धाकट्या भावाला म्हणाला, "बन्सी, आजच्या दिवस तू उतर."

"जा की. पर नुसती काळी थाळी आणू नगं, पेढं बी आण," बन्सी हसला.

तबकडीत एक सोंगाड्या बोलायचा. एका खाचेत "जमलं!", दुसरीत "फिसकटलं!", तिसरीत नुसताच हसायचा. म्हाताऱ्यानं कडेची बारीक खूण दाखवली. तिथं सुई टेकवली की हटकून "जमलं".

दिवेलागणीला सूर्यभान तबकडी घेऊन एस्टीतून उतरला, तर विहिरीवर कंदील. दुपारी दरड कोसळली होती. बन्सी खाली होता.

रात्री अकरापर्यंत माणसं माती उपसत होती. मग वरचा काठही सुटू लागला. गुरवानं देवाला कौल लावला. डावं फूल पडलं. म्हणजे, नाही.

"बाबा, आता जित्या माणसांचं बघू," गावचे वडीलधारे आप्पासाहेब म्हणाले.

सूर्यभानानं त्यांचे पाय धरले. "आप्पासाहेब, पाळी माझी हुती... एक कौल माझा घ्या. ही तबकडी 'जमलं' म्हनली, तर चौघांना उतरवा."

"खुळा का काय?" छगन म्हणाला. "सोंगाड्याचा कौल घ्यायचा व्हय?"

"लावू द्या त्याला," आप्पासाहेब म्हणाले.

छगननं आणि तिघांनी कमरेला दोर बांधले. काठापासून लांब, लिंबाखाली फोनो ठेवला. सूर्यभानानं किल्ली दिली. कंदिलाच्या उजेडात खूण शोधली. लबाडी होती ती, त्याला कळत होतं. पण खाली भाऊ होता.

सुई टेकली.

खरखर...

सोंगाड्या बोलला नाही. हसलाही नाही.

कुणीतरी श्वास घेत होतं. जड. तोंडात माती असल्यासारखा.

"दादा..."

कुणी हललं नाही.

"दादा... कुनाला... उतरवू नगं..."

सूर्यभान कर्ण्यात तोंड घालून ओरडला, "बन्सी! कुठंशी हायेस? सांग, मी येतो!"

श्वास...

मग तोही नाही.

छगननं कमरेचा दोर सोडला. मग बाकीच्यांनी. सूर्यभान एकटाच विहिरीकडं धावला. चौघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. तो चावला, शिव्या दिल्या, रडला. त्यांनी सोडलं नाही.

घटकाभरात विहिरीचा अख्खा काठ आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानाची आई बायडाबाई फोनो घरात न्यायला आली. तिनं तो उचलला, तसा कर्ण्यातून मूठभर ओला चिखल खाली पडला. त्या साली गावातल्या एकाही विहिरीला पाणी नव्हतं.