मर्लच्या शेजारची जागा

फुलं आणायचं काम माझ्याकडे होतं. माझ्याकडे गाडी आहे, आणि फुलवाली माझ्या बहिणीच्या वर्गातली असल्यामुळे चार फुलं वर टाकते. दर ऑक्टोबरात, म्हणजे आमच्या दक्षिणेकडे थंडी सरता सरता, आम्ही आमच्यातल्या गेलेल्या बायकांसाठी नदीत फुलं सोडतो. गुलाबी कार्नेशन. आमचं सगळंच गुलाबी. वल्हवायची लांबडी ड्रॅगन बोट गुलाबी, टोप्या गुलाबी, क्लबात त्या दिवशी विकतात ते बनसुद्धा गुलाबी. स्तनाच्या कॅन्सरमधून वाचलेल्या बायकांचा हा चमू आहे. आणि वाचलेल्या बायकांनी सदा हसतमुख दिसावं, अशी लोकांची फार इच्छा असते.

मी नोरीन. सगळा जन्म ह्युऑन नदीच्या काठी सफरचंदांच्या शेडमध्ये पेट्या भरण्यात गेला. नवरा गेला, मुलगी मेलबर्नला. डावी छाती काढून बरीच वर्षं झाली होती. केमोत केस गेले ते परत येताना कुरळे आले, एवढाच काय तो फायदा. बाकी मी तो विषय मिटला असं धरून चालले होते.

फुलं मागच्या सीटवर ठेवून गाडीत बसते न बसते, तोच होबार्टहून डॉक्टरीणबाईंचा फोन.

"नोरीन, तू आत्ता गाडी चालवत नाहीस ना?"

तिथंच कळलं मला. चांगली बातमी द्यायला कुणी असं विचारत नाही.

परत आलाय, त्या म्हणाल्या. मणक्यात आहे आणि यकृतातही पसरलाय. पाठ दुखत होती ती म्हातारपणामुळे नव्हती. आता बरा होणार नाही, पण थोपवता येईल, किती दिवस ते सांगता येत नाही, गोळ्या चांगल्या निघाल्यात हल्ली. मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर आरशात मागचा फुलांचा ढीग दिसला. म्हटलं, बाई, थोडी जास्तच घ्यायला हवी होतीस.

तशीच बोटीच्या शेडवर गेले. व्हॉनी एकटीच वल्ही पुसत होती. व्हॉनी आमची कप्तान. बोटीच्या शेपटाशी उभी राहून लांब वल्ह्यानं बोट वळवते. शाळेत खेळाची बाई होती, अजूनही आम्हाला सहावीतल्या पोरींसारखी हाकते. तिला मी सांगून टाकलं.

ती वल्हं पुसायची थांबली. "अजून कुणाला सांगितलंस?"

"तुलाच पहिल्यांदा."

"मग उद्या फुलं होईपर्यंत तोंड मिटून राहा. पोरी हबकतील. दोघींची तर केमो आत्ता कुठे संपलीय."

"आणि मी?"

"तू धक्क्यावर उभी राहा, फुलं वाट. मणका आहे तो, नोरीन. पाण्यात काडकन मोडला म्हणजे?"

"मोडला तर माझा मोडेल. तुझ्या बोटीला काही होत नाही."

ती परत वल्हं पुसू लागली. मग म्हणाली, "उद्याच्या दिवस ये. पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे! मर्ललाही ती हेच म्हणाली होती. मर्ल माझी जोडीदारीण. बोटीत आम्ही दोन-दोन बसतो, शेवटची ओळ आमची. मी डावीकडे, ती उजवीकडे. तिचा परत आला तेव्हा कुणी तिला वाईट बोललं नाही, उलट फार गोड बोलू लागल्या. ती कपडे बदलायच्या खोलीत शिरली की सगळ्यांचं बोलणं एकदम हवापाण्यावर यायचं. शेडमध्ये डागाळलेलं सफरचंद दिसलं की आम्ही काही न बोलता, हात न थांबवता बाजूला सारायचो. तसंच. तिला केमोला नेताना गाडीत मात्र मी आणि ती दोघीच असायचो, होबार्टपर्यंत पोट दुखेस्तोवर हसायचो. जूनमध्ये ती गेली.

आमच्यात रीत अशी, की फुलांच्या सकाळी गेलेलीची जागा रिकामी ठेवायची. तिचं वल्हं तिच्या फळीवर आडवं ठेवायचं. पण रिकामी जागा म्हणजे बोट एका अंगाला झुकणार, म्हणून तिच्या पायाशी पाण्यानं भरलेला मोठा कॅन ठेवायचा. भावना भावनेच्या जागी, पण बोट उलटून चालत नाही.

त्या सकाळी धुकं असं दाट होतं की पुढच्या टोकाला बसलेली, ढोल वाजवणारी डल्सी मला दिसतच नव्हती, नुसता ढोल ऐकू येत होता. आमच्या नदीचं पाणी काळ्या चहासारखं, त्यात धुकं उतरलं की वर-खाली काही राहत नाही. आम्ही निघालो. वल्हवताना शेजारी बघायचं नाही, पुढचीच्या खांद्यावर नजर ठेवायची, हे व्हॉनीनं आमच्या हाडात भिनवलंय. मी पुढे बघत होते.

थोडं अंतर गेल्यावर मला शेजारून आवाज आला.

मर्लच्या डाव्या हाताला ऑपरेशननंतर सूज असायची. घट्ट इलॅस्टिकची बाही घालून वल्हवायची ती, आणि तिचं वल्हं आमच्या सगळ्यांच्या मागून, किंचित उशिरा पाण्यात पडायचं. सगळ्यांचं छप्प, आणि मग तिचं एकटीचं, हलकं छप्प. व्हॉनी ओरडून थकली, पण ते काही सुधारलं नाही. तोच आवाज. ढोल, सगळ्यांचं छप्प... आणि मग माझ्या उजव्या कोपरापाशी एक.

मागोमाग वास आला. निलगिरीच्या गोळ्यांचा. गाडीत माझा जीव नकोसा करून सोडायची त्या गोळ्यांनी.

भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. पण हात थांबले नाहीत, आणि मान वळवायची हिंमत झाली नाही.

"दुखतंय का गं...?"

गालात गोळी धरून बोलल्यासारखा आवाज.

"पाठीत... ना?"

"पाठीत," मी ओठातल्या ओठात म्हटलं.

"माझंही आधी पाठीतच..."

हे ऐकून मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आकडे सांगितले, व्हॉनीनं तोंड मिटायला सांगितलं, रात्री फोनवर मुलगी माझ्याआधी स्वतःच रडायला लागली. कुठे दुखतंय हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते एका मेलेल्या बाईनं.

"व्हॉनी मला उतरवणार आहे," मी पुटपुटले. "तू तरी माझी जागा धरून ठेव."

"धरते की... त्यात काय मोठंसं..."

ढोल थांबला. आम्ही वल्ही आडवी ठेवली. फुलं सोडण्याआधी शेजारणीचा हात धरायचा असतो. माझा उजवा हात मी मांडीवरच ठेवला होता. त्यावर एक हात येऊन बसला. जड, फुगलेला, गार. इलॅस्टिकच्या बाहीची खरखरीत वीण माझ्या बोटांना कळली. व्हॉनीनं मर्लचं नाव घेतलं, पुढे कुणीतरी हुंदका दिला. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि डाव्या हातानं फूल पाण्यात टाकलं. तो हात कधी उचलला गेला ते समजलं नाही.

धक्क्याला लागल्यावर व्हॉनी खुशीत होती. "आज बोट कशी थाळीसारखी सपाट चालली. कॅन कुणी लावला होता? शिका जरा तिच्याकडून."

डल्सी मला म्हणाली, "मला वाटलं तू लावलास."

"मला वाटलं तू," मी म्हटलं.

कॅन धक्क्यावर होता, आम्ही निघालो तेव्हा होता तिथेच, झाकणावर दव घेऊन. व्हॉनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या ओळीकडे, मग माझ्याकडे. क्लबात तिनं बनला हातही लावला नाही.

संध्याकाळी ती भोपळ्याच्या सूपचं पातेलं घेऊन माझ्या दारात.

"पोरींना मी सांगितलंय. सगळ्या तुझ्या पाठीशी आहेत. तू लढवय्यी आहेस, नोरीन."

"म्हणजे मला बोटीतून काढलंत."

"विम्याचा प्रश्न आहे गं."

"विम्याचा, की मर्लचा?"

तिनं पातेलं ओट्यावर ठेवलं. "मर्लला आपण जूनमध्ये पुरलं. तू होतीस तिथे."

"मग कॅनचं काय?"

"सूप गरम करून खा," ती म्हणाली आणि मागं न बघता गाडीत जाऊन बसली. सूप मी कोंबड्यांना घातलं.

आठवडाभर बायका येत राहिल्या. केक आले, गुलाबी शाल आली, मिठ्या मारल्या त्याही हळूच, मी फुटेन म्हणून बेतानं. सकारात्मक राहा म्हणाल्या. मी राहिले. त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, हात हलवला, दार लावलं आणि पायरीवर बसून अशा शिव्या दिल्या की शेडमधल्या बाप्यांनीही कान झाकले असते. मरायची भीती होतीच, नाही कशाला म्हणू. पण जिवंतपणी मला सगळ्यांनी बाजूला सारलं होतं, ते जास्त जिव्हारी लागलं.

पुढच्या शनिवारी सरावाला गेले तरीही. टॉवेल सांभाळायला. धुकं तसंच. शेवटची ओळ आता दोन्हीकडून रिकामी होती, त्यामुळे कॅनची गरज नव्हती. व्हॉनीनं माझ्याकडे बघायचं टाळलं, हाळी दिली, आणि बोट धुक्यात शिरली. मी कोटाच्या खिशात हात घालून धक्क्यावर उभी राहिले.

दिसत काही नव्हतं. पण पाण्यावरून आवाज लांबवर येतो, आणि इतक्या वर्षांनी प्रत्येकीचं वल्हं मला कानानं ओळखू येतं. ढोल. छप्प... आणि मागून एक, हलकं, उशिरा. आली म्हणायची, मी मनात म्हटलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. माझी जागा धरून बसलीय.

मग मला दुसरा आवाज आला.

मी वल्हं पाण्यात घालत नाही, थापटते. फट्. चिखल थापल्यासारखी. त्यावरून मी बोटीत आल्यापासून बोलणी खात आलेय. तो आवाज त्या नदीवर दुसऱ्या कुणाचा नाही. छप्प, मग मर्लचं हलकं छप्प... आणि तिच्या बरोबरीनं, फट्. माझे हात खिशात होते. मी ते बाहेर काढून पाहिलेसुद्धा. कोरडे होते.

आत धुक्यात ढोल अडखळला. मग थांबला. सगळी वल्ही थांबली. ती दोन मात्र चालू होती... सावकाश, गप्पा मारत चालल्यासारखी... आणि मग तीही थांबली.

बोट परत आली. एकेक बाई उतरली. मला बघून पहिली दचकली, दुसरीनं छातीवर हात ठेवला. डल्सी ढोल पोटाशी धरून माझ्यापाशी आली, माझी बाही चिमटीत धरून पाहिली.

"तू... उतरलीस केव्हा गं?"

"मी चढलेच कुठे?" मी म्हटलं. "काढलंत ना मला."

व्हॉनी सगळ्यांत शेवटी आली. शेवटच्या ओळीवरून पाय टाकून येण्याऐवजी ती मागच्या मागे गुडघाभर पाण्यात उतरली आणि चालत काठाला लागली. बायकांनी बोट वर घ्यायला दोर ओढला. रिकामी बोट एरवी सहज येते. आज जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"थांबा," व्हॉनी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "ओढू नका. त्यांना उतरू दे आधी."

त्यांना. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते.

दोर सैल सोडून आम्ही सगळ्या बघत राहिलो. थोड्या वेळानं बोट जराशी हलली. उजवी बाजू हलकी होऊन वर आली, धक्क्याच्या फळ्यांवर पाणी ठिबकल्यासारखा आवाज झाला, आणि निलगिरीचा वास आमच्यामधून काठाकडे गेला. बोट डाव्या अंगाला, माझ्या जागेकडे, कलली आणि तशीच राहिली.

आम्ही वाट पाहिली. ऊन वर आलं, धुकं गेलं, बायका एकेक करून घरी गेल्या. डावी बाजू काही वर आली नाही.