चौदा आडवा, पंधरा उभा

छत्तिसाव्या वर्षी चाळिशी लागणं हा काही प्रेमात पडायचा मुहूर्त नव्हे. पण काटेसाहेबांचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

तसे ते साहेबबिहेब नव्हते. वजनमापं खात्यातले निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचे, बरोबर निघेल त्यावर शिक्का मारायचे, नाही निघाला तर तिथल्या तिथे बंद करायचे. म्हणून बाजारात ते काटेसाहेब. ते दारात दिसले की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. एका गुरुवारी ते चष्म्याच्या दुकानात शिरले, तेव्हा मालक मामाही दचकले आणि म्हणाले, आमच्याकडे काटा नाही हो. काटेसाहेब शांतपणे म्हणाले, डोळे तपासायचेत, माझेच.

डोळे तपासायचं काम मामांच्या भाचीचं. तिने त्यांना मागच्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि वाचायचा तक्ता हातात दिला. त्यांनी तो अदबीने बाजूला ठेवला आणि खिशातून वर्तमानपत्राची एक घडी काढली.

“मला हे वाचायचंय. तो तक्ता वाचता आला म्हणून माझं काय भलं होणार?”

ते रविवारच्या पुरवणीतलं गूढ शब्दकोडं होतं. खाली रचणाऱ्याचं टोपणनाव छापलेलं – घुबड. भाचीच्या हातातली काच पडता पडता राहिली, कारण ते घुबड म्हणजे खुद्द तीच होती. गेली चार वर्षं दर आठवड्याला कोडं रचून पाठवत होती, आणि हे गुपित फक्त मामांना आणि संपादकांना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मामा म्हणायचे.

“हे स्पष्ट की… हे?” तिने काच बदलत विचारलं.

“हे.” मग ते वाचू लागले. “सात आडवा. प्रश्नानंतर पाणी, डोळ्यांत घालायचं. तीन अक्षरं.”

मला बाई असली कोडी कळतच नाहीत, असं ती बोलून गेली. का बोलली देव जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! काटेसाहेबांची कळी मात्र खुलली. त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी तिला, म्हणजे घुबडालाच, गूढ कोडं कसं सोडवायचं याचा पहिला धडा दिला. वाक्यातून जे चित्र उभं राहतं त्याला भुलायचं नाही. प्रत्येक क्लूचे दोन भाग असतात. एका भागात शब्दाचा सरळ अर्थ, दुसऱ्या भागात तो शब्द जोडायची कृती. प्रश्न म्हणजे ‘का’, पाणी म्हणजे ‘जळ’…

“काजळ,” ती हळूच म्हणाली, जणू आत्ताच सुचलं.

“बघा, आलं की तुम्हाला.”

ते हसले. जाड भिंगामागे त्यांचा उजवा डोळा भलताच मोठा दिसत होता आणि त्या डोळ्यात निव्वळ आनंद होता, दुसऱ्याला उत्तर आल्याचा. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर होतं. पुढची काच तिने उलटी बसवली.

“घुबड हुशार आहे,” काटेसाहेब पुढे म्हणाले. “पण कधी कधी काटा मारतो. सरळ अर्थ द्यायचाच विसरतो. फसवायला हरकत नाही, पण वजन पूर्ण हवं. मी दोनदा संपादकांना कळवलंय. हिरव्या शाईत.”

हिरवी शाई! ती दोन्ही पत्रं तिला तोंडपाठ होती. दुसऱ्या पत्रानंतर संपादकांनी तिला बोलावून सांगितलं होतं की आणखी एक तक्रार आली तर कोडं बंद, मग यंत्राने बनवलेली तयार कोडी छापू. दिवसभर अंधाऱ्या खोलीत ‘हे की हे’ विचारणाऱ्या त्या मुलीचा सगळा जीव त्या चौकोनांत होता. आणि तो जीव ज्याच्या लेखणीच्या टोकावर लटकला होता, तो माणूस समोर बसून तिच्याच हाताने चष्मा लावून घेत होता. चुका अधिक नीट दिसाव्यात म्हणून!

आठ दिवसांनी चष्मा तयार झाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी काटेसाहेब पुन्हा हजर. दांडीचा स्क्रू सैल झालाय म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. स्क्रू आवळायला अर्धं मिनिट लागतं, पण त्यांच्या खिशात कोडं असायचं आणि मामांकडे चहा असायचा. मग काउंटरवर दोन डोकी जवळ यायची. नदी उलटी फिरली आणि गरीब झाली, दोन अक्षरं, असं ते वाचायचे. भाची कपाळाला आठ्या घालून, बोट गालावर टेकवून विचार केल्यासारखं करायची आणि मग ‘दीन’ असं म्हणायची. ते खूश व्हायचे. त्यांना खूश झालेलं पाहून ती खूश व्हायची. मामा फडक्याने एकच फ्रेम तासभर पुसत बसायचे.

सांगून टाक, असं मामा रोज तिला बजावायचे. ती पुढच्या गुरुवारी नक्की म्हणायची. बरं, सांगणार तरी काय? की मी तुम्हाला तीन महिने बनवतेय? वजन पूर्ण हवं म्हणणाऱ्या माणसाला? तिला ते आवडत होते, अगदी मनापासून आवडत होते, आणि म्हणूनच तोंड उघडायची भीती वाटत होती.

आणि मग शुक्रवारी तिने माती खाल्ली.

कोड्याचा शेवटचा खर्डा पाठवायचा होता. चौदा आडव्यात ‘तबला’ होता. तिच्या मनात आलं, इथे ‘तराजू’ घातला तर? काटेसाहेब वाचतील, गालात हसतील. तीनच अक्षरं, पहिला त तोच. त वर त बसला तेवढं पाहून ती हुरळून गेली, छानसा नवा क्लू लिहिला आणि कोडं पाठवून दिलं. तिसऱ्या चौकोनातून पंधरा उभा सुरू होतो, हे तिच्या डोक्यातून साफ गेलं. रविवारी सकाळी चहा घेताना पुरवणी उघडली तेव्हा तिला दिसलं. उभ्या ओळीत ‘लाकूड’ होतं. तबल्याचा ला जाऊन तिथे तराजूचा जू आला होता. लाकडाचं जूकूड झालं होतं.

म्हणजे हे कोडं सुटणंच शक्य नव्हतं. कुणालाच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मामांनी कपाळावर हात मारला, दुकानाच्या नोंदीतून काटेसाहेबांचा पत्ता काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, जा, पत्र पेटीत पडायच्या आत गाठ त्यांना.

वाटेत तिने विनवणीची वाक्यं जुळवली. एवढ्या वेळेला सोडा, पुन्हा होणार नाही. पण तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना तिला स्वतःचीच लाज वाटली. ही वाक्यं त्यांनी आयुष्यभर दुकानदारांच्या तोंडून ऐकली असणार. त्यात आपलीही भर घालायची? दारावर थाप मारली तेव्हा एकही वाक्य उरलं नव्हतं.

दार उघडलं. मागे टेबलावर पुरवणी, भोवती खोडरबराचा चुरा. एक चौकोन इतका खोडला होता की कागदाला भोक पडलं होतं.

“या,” काटेसाहेब म्हणाले. “जूकूड म्हणजे काय हो?”

“काही नाही. चूक आहे. माझी.” तिने डोळे मिटून घेतले. “घुबड मीच आहे.”

“माहीत आहे मला.”

तिने डोळे उघडले. ते खुर्ची पुढे सरकवत होते. स्क्रूच्या दुसऱ्याच गुरुवारी कळलं, ते म्हणाले. काउंटरवर कागद नेहमी त्यांच्याकडे तोंड करून असायचा. ती पलीकडून, उलट्या बाजूने, मान न वळवता उत्तर द्यायची. चौकोनांत आधी कोणती अक्षरं भरलीत, हे तिला बघावंच लागत नव्हतं. आयुष्य तपासणीत गेलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. आणि…” ते चष्मा काढून पुसू लागले. “विचार केल्यासारखा तो चेहरा करायचात ना, गालाला बोट लावून… तो बघायला मी दर बुधवारी स्क्रू सैल करून ठेवायचो.”

तिला हसू आलं आणि तेवढ्यात पत्राची आठवण झाली. तिने विचारलं. ते सरळ म्हणाले, साडेआठला पेटीत टाकलं. मटकन ती खुर्चीत बसली. चार वर्षं डोळ्यांसमोरून गेली.

त्यांनी मग पत्राची प्रत पुढे ठेवली. प्रत ठेवायची सवय खात्याची. हिरवी शाई, सुबक अक्षर. चौदा आडवा आणि पंधरा उभा जुळत नाहीत, चूक गंभीर आहे, असं पहिल्याच ओळीत होतं. पण पुढे लिहिलं होतं: ‘काटा बिघडला म्हणून कोणी भंगारात टाकत नाही. तो नीट करून पुन्हा वापरात आणतात. शिवाय कोणताही काटा स्वतःला तपासू शकत नाही. आपले घुबड चार वर्षं एकट्याने काम करत आहे. त्याला छापण्यापूर्वी कोडं सोडवून बघणारा माणूस द्या. मी दर शनिवारी, विनामोबदला, तयार आहे.’

तिने ते दोनदा वाचलं. अक्षरं धूसर व्हायला लागली, आणि नंबर वाढला म्हणून नव्हे.

“एक विचारू?” काटेसाहेब म्हणाले. “आधी तिथे तबला असणार, हे मी शोधून काढलं. चांगला भला तबला काढून तराजू कुणासाठी घातलात?”

आता लपवायला उरलंच काय होतं?

“तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “मला तुम्ही आवडता.”

काटेसाहेब कानापर्यंत लाल झाले. मग अडखळत म्हणाले, “उत्तर… गुरुवारी दिलं तर चालेल? आत्ता दिलं तर त्या पत्रात माझा स्वार्थ होता असं होईल. संपादकांचं आधी होऊ दे.”

असा माणूस! तिला रागही आला आणि त्याच रागात तो आणखी आवडलाही. पण ते चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सोमवारी एका आजोबांना तिने आजींचा चष्मा दिला. मंगळवारी फोन वाजला की ती मामांना उचलायला लावायची. कोडं जाईल, आणि पाठोपाठ तेही जातील, असंच सारखं वाटायचं.

गुरुवारी दुपारी संपादकांचा फोन आला. चुकीबद्दल त्यांनी तिला भरपूर झापलं. मग म्हणाले, त्या हिरव्या शाईवाल्याला तपासायला बसवा, निदान मला तरी पत्रं यायची थांबतील. कोडं चालू राहील. तिने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून इतका लांब श्वास सोडला की मामा पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

पाच वाजता काटेसाहेब आले. चष्मा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. भाचीने सवयीने पेचकस उचलला आणि दांडी हलवून पाहिली.

“स्क्रू घट्ट आहे आज.”

“हो.”

“संपादकांचा फोन आला. शनिवारपासून या म्हणाले.”

“बरं झालं.” त्यांनी घसा साफ केला. “मग आता उत्तर देतो. मलाही तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून, काच उलटी बसवलीत तेव्हापासून. आणि याला दुसरा भाग नाही. सरळ अर्थ तेवढाच आहे.”

तिला काहीतरी छान बोलायचं होतं, शब्दांचाच तर धंदा तिचा. पण ती नुसतीच हसत राहिली, आणि हसता हसता डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं. काटेसाहेबांनी चष्मा पुसायचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला. मामांनी हातातली फ्रेम एकदाची खाली ठेवली, दाराला ‘बंद’ची पाटी लावली आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसले.